शाब्ली : एका गावाच्या नावाचा इतिहास

१९५० च्या सुमारास फ्रान्समधील शाब्ली या गावाच्या परिसरात द्राक्षवेलींखाली असलेली जमीन घटत घटत जेमतेम ५०० हेक्टरांवर आली होती. आपल्या हिशेबाने ती साडेबाराशे एकरांच्या आतबाहेर भरते. एवढी जमीन आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाच्या शिवारातही सहज निघेल. पुढील वीस-पंचवीस वर्षांत मात्र कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात ‘शाब्ली’ हे नाव छापलेल्या मद्याचा पूर लोटला, आणि त्या पुरातील एक थेंबही त्या गावच्या द्राक्षांचा नव्हता. मूळ गाव मोडकळीस आलेले आणि त्याचे नाव मात्र समुद्रापलीकडच्या बाजारांत तेजीत, अशी ही विलक्षण अवस्था. ती कशी आली आणि तीतून ते गाव कसे सावरले, हे आम्हांला आज सांगावयाचे आहे.

वसंतातील ज्ञानसत्रात मद्याचा विषय निघालेला पाहून काही श्रोत्यांच्या भुवया वर जातील, हे आम्ही जाणून आहो. ज्या प्रांताने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, त्या प्रांतात हे साहजिकच आहे. त्यांना एवढेच सांगतो की, येथे मद्याची भलामण करावयाची नाही आणि निंदाही करावयाची नाही. एका पिकाचा त्याच्या मातीशी, मातीचा बाजाराशी आणि बाजाराचा नावाशी जो संबंध असतो, तो या एका गावाच्या इतिहासात जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच कोठे दिसतो. म्हणून हा विषय घेतला.

शाब्ली हे दोन-अडीच हजार वस्तीचे गाव पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे १८० किलोमीटरांवर, सरँ नावाच्या लहानशा नदीच्या काठी आहे. मद्याच्या वहिवाटीने ते बर्गंडी प्रांतात मोडते. पण बर्गंडीचे खरे मद्यकेंद्र जे बोन शहर, ते येथून शंभरावर किलोमीटर दक्षिणेकडे आहे आणि शांपेनचे मळे त्याहून जवळ आहेत. एवढे सांगितल्यावर येथल्या हवेची कल्पना येईल. द्राक्ष जेथे जेमतेम पिकते, अशा थंडीच्या सीमेवरचे हे गाव. थंडीमुळे फळात साखर सावकाश भरते आणि आंबटपणा शेवटपर्यंत टिकतो. शार्दोने जातीच्या या पांढऱ्या द्राक्षांचा रस आंबवला की त्यातील साखर जवळजवळ सगळी संपून जाते. गोडीचा लवलेश न उरलेल्या अशा मद्याला इंग्रजीत ‘ड्राय’ म्हणतात. पाण्याहून किंचित हिरवट-पिवळे, थंडगार, आणि कच्च्या सफरचंदाचा चावा घेतल्यावर दाताला जी कळ लागते तशी कळ लावणारे असे त्याचे वर्णन जाणकार करतात. चकमकीवर गारगोटी झाडल्यानंतर जो वास सुटतो, तोही त्यात येतो असे त्यांचे म्हणणे.

हा वास कोठून येतो याचे उत्तर शाब्लीतील कोणीही माणूस पायाखालची माती उचलून देईल. ती माती चुनखडी आणि करडी चिकणमाती यांच्या मिश्रणाची आहे आणि तिच्यात नखाएवढ्या कालवांचे असंख्य शिंपले दगड होऊन पडलेले आहेत. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी हा थर साचला. शिंपल्यांचा आकार स्वल्पविरामासारखा असल्याने शास्त्रज्ञांनी त्या कालवाच्या नावातच ‘व्हिर्ग्युला’ म्हणजे स्वल्पविराम हा शब्द घातला. थराचे नाव किमरिजियन. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर किमरिज नावाचे खेडे आहे, तेथे हा खडक उघडा पडलेला दिसतो, म्हणून ते नाव. आता गंमत अशी की, शाब्लीचे मद्य कालवांबरोबर घेण्याची चाल युरोपात फार जुनी आहे. टॉल्स्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’मध्ये मॉस्कोच्या उपाहारगृहात कालवांच्या त्याच जेवणात शाब्लीही मागवली जाते. तेव्हा खाली मातीत कालवे आणि वर ताटात कालवे, ही जोडी लोकांना इतकी आवडते की मुळे शिंपल्यांची चव शोषून घेतात असेच सर्रास बोलले जाते. कोकणात ज्यांनी कालवे खाल्ली असतील त्यांनाही ही कल्पना मोहक वाटेल. भूगर्भशास्त्रज्ञ मात्र तिला मान डोलवीत नाहीत. वेलीची मुळे पाण्यात विरघळलेली क्षारद्रव्ये तेवढी घेतात, खडकाची चव घेत नाहीत. मातीचा गुण आहे तो निराळ्या प्रकारचा. ही माती पावसाचे पाणी वाहू देते, थोडे धरूनही ठेवते. आणि नैर्ऋत्येकडे तोंड केलेल्या उतारावर ती असली की दुपारचे ऊन तिरपे न पडता सरळ पडते. नदीच्या उजव्या तीरावर असा एक उतार आहे. सुमारे १०० हेक्टरांच्या त्या एकाच उतारावर शाब्लीचे सर्वांत उंची समजले जाणारे सातही मळे शेजारी शेजारी आहेत. एवढ्या उत्तरेस द्राक्ष पिकवायचे तर सूर्याचा प्रत्येक किरण मोजून घ्यावा लागतो, हे रहस्य मध्ययुगातील साधूंनी केव्हाच ओळखले होते.

साधूंचा येथे संबंध आला तो नॉर्मनांच्या धाडींमुळे. नवव्या शतकात लुआर नदीने वर चढून त्यांनी तूर शहर लुटले. तेथील सेंट मार्टिनच्या मठातील साधू परागंदा झाले. त्यांच्या आश्रयासाठी इतिहासात टकला चार्ल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजाने ८६७ साली शाब्लीचा मठ आणि त्याची जमीन त्यांना दिली. पुढे १११४ साली जवळच पोंतिन्यी येथे सिस्टर्शियन पंथाचा मठ स्थापन झाला. हा पंथ अंगमेहनतीचा. प्रार्थनेइतकीच कुदळ महत्त्वाची मानणारा. त्यांनी १११८ च्या सुमारास सेंट मार्टिनच्या साधूंकडून शाब्लीतील काही मळे खंडाने घेतले आणि लागवडीला शिस्त लावली. इंग्लंडच्या राजाशी बिनसल्यावर कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट ११६४ पासून दोन वर्षे याच पोंतिन्यीला राहिला होता. तेराव्या शतकात आंरी द’आंदेली या कवीने निरनिराळ्या मद्यांना राजासमोर स्पर्धेत उतरवून एक काव्य रचले. त्यात शाब्लीचेही नाव आहे. म्हणजे त्या काळी ते दरबारी माणसाच्या तोंडी होते.

तथापि केवळ साधूंच्या पुण्याईवर शाब्लीचा व्यापार वाढला असे आम्हांला वाटत नाही. मठ युरोपात हजारो होते आणि पुष्कळांनी द्राक्षे लावली. शाब्लीला निराळे काय मिळाले, तर नदी. गावापासून सुमारे २० किलोमीटरांवर ओसेर शहर आहे आणि ते यॉन नदीवरचे बंदर. यॉन पुढे सीनला मिळते आणि सीन पॅरिसच्या मध्यातून वाहते. पिंपे बैलगाडीने ओसेरला न्यावी, नावेत चढवावी आणि प्रवाहाबरोबर सोडून द्यावी; नदी ती थेट राजधानीत नेऊन पोचवी. रस्ते वाईट आणि मद्य जड, अशा काळात या सोयीची किंमत सोन्याची होती. तेराव्या शतकात सालिंबेने नावाचा एक इटालियन फ्रान्सिस्कन साधू ओसेरला येऊन गेला. येथले लोक धान्याची पेरणी-कापणी करण्याच्या भानगडीत न पडता मद्य पॅरिसला पाठवून त्यावर झकास राहतात, याचे त्याला नवल वाटले. एका पिकावर विसंबलेल्या मुलखाचे हे बहुधा पहिलेच चांगले निरीक्षण असावे.

पुढे कायद्यानेही हात दिला. पॅरिसच्या सभोवतालचे शेतकरी हलके मद्य करून शहरात विकीत. पॅरिसच्या पार्लमेंटने, म्हणजे तेथील वरिष्ठ न्यायसभेने, १५७७ साली हुकूम काढून शहरातील मद्यविक्यांना वीस कोसांच्या आतील मद्य खरीदण्यास मनाई केली. हुकुमाचा हेतू काहीही असो, फायदा ओसेरच्या मुलखाचा झाला, कारण तो वीस कोसांच्या बाहेर होता आणि तरीही पाण्याच्या वाटेने जवळ होता. धर्मयुद्धांत शाब्ली १५६८ साली प्रॉटेस्टंट फौजेने जाळले होते. तरी मळे परत उभे राहिले, कारण गिऱ्हाईक शाबूत होते. राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी जप्त होऊन लिलावात निघाल्या, साधू गेले, मालक बदलले. पण पिंपे त्याच नदीने त्याच शहराकडे जात राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सबंध यॉन जिल्ह्यात सुमारे ४०,००० हेक्टर जमीन द्राक्षाखाली होती. त्यातील बहुतेक मद्य तांबडे आणि साधे, मजुराच्या जेवणाबरोबरचे होते. शाब्लीचे पांढरे मद्य हा त्यातील लहानसा, पण मानाचा भाग.

जे नदीने दिले ते आगगाडीने नेले. १८५० च्या दशकात पॅरिस-ल्यों-मार्सेय हा लोहमार्ग पुरा झाला. मुख्य मार्ग शाब्लीला टाळून तोन्नेर गावावरून गेला, हे दुखणे लहान होते. मोठे दुखणे हे की, भूमध्यसमुद्राकाठच्या उन्हाळ प्रदेशातील स्वस्त तांबडे मद्य आता थोड्याच दिवसांत पॅरिसच्या पिठ्यांवर येऊन पडू लागले. तिकडे द्राक्ष न मागता पिकते. इकडे दर वर्षी थंडीशी झगडून पिकवावे लागते. ओसेर-शाब्लीच्या शेतकऱ्याला सहा शतके जवळपणाचा जो मक्ता होता, तो रुळांच्या दोन पट्ट्यांनी संपवला. आमच्या इतिहासग्रंथांत आगगाडीने देश जोडला असे वर्णन असते. ते खरेच आहे. पण जोडण्याच्या त्या क्रियेत काही मुलखांचे पोट कापले गेले, हेही तितकेच खरे, आणि ते आपल्या विणकरांना वेगळे सांगावयास नको.

त्यावर रोगांची भर पडली. आधी भुरी आली. हा शब्द नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांच्या रोजच्या तोंडचा आहे. तिच्यावर गंधकाचा उतारा सापडला. मग अमेरिकेतून फिलॉक्सेरा नावाची, डोळ्याला धड न दिसणारी कीड आली. ती मुळाला डसते आणि वेल दोन-चार वर्षांत वाळून जाते. प्लांशाँ नावाच्या शास्त्रज्ञाने १८६८ साली दक्षिणेत तिला ओळखले. शाब्लीच्या बाजूला ती १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पोचली. उपाय एकच ठरला. कीड ज्यावर चालत नाही अशा अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधायचे. आपल्याकडे आज द्राक्षबागेत डॉगरीज खुंटावर कलमे भरतात. ती वेगळ्या कारणासाठी, पाण्याचा तुटवडा आणि खारट जमीन सोसावी म्हणून. पण युक्ती त्याच जातकुळीची. मात्र सगळे मळे उपटून, खुंट विकत घेऊन, कलमे बांधून तीन-चार वर्षे उत्पन्नाविना बसणे ज्याला परवडेल त्यालाच ही युक्ती कामाची. दक्षिणेच्या स्वस्ताईने आधीच पिचलेल्या यॉनच्या शेतकऱ्याने बहुतांशी हात टेकले. हजारो हेक्टर मळे मोडले आणि त्यांवर धान्य किंवा झुडपे आली. मग पहिल्या महायुद्धात तरणी माणसे गेली. १९२३ साली उरलेल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. ती आजही चालू आहे आणि शाब्लीच्या उत्पन्नाचा सुमारे पाव हिस्सा तिच्या तळघरातून बाहेर पडतो. दुसऱ्या महायुद्धात, १५ जून १९४० रोजी, जर्मन विमानांनी गावाच्या मध्यभागावर बाँब टाकले.

या सर्वांवर ताण करणारा शत्रू म्हणजे वसंतातला गारठा. एप्रिलमध्ये वेलीचे डोळे फुटतात. एखाद्या निरभ्र रात्री जड थंड हवा उतारावरून ओघळून दरीत साचते, पारा शून्याखाली जातो आणि सकाळी कोवळे कोंभ काळे पडलेले दिसतात. १९४५ साली अशा गारठ्याने जवळजवळ सबंध पीक गेले. १९५७ आणि १९६१ सालीही असेच तडाखे बसले. आरंभी ज्या ५०० हेक्टरांचा उल्लेख केला ते या अवस्थेतले. तेव्हाचा शाब्लीचा शेतकरी द्राक्षाबरोबर दुसरेही काही पिकवीत असे, आणि त्याच्या मुलाने शहरातील कारखाना गाठला तर त्याला कोणी दोष देत नसे.

बचाव दोन बाजूंनी झाला. एक बाजू हिकमतीची. १९६० च्या सुमारास मळ्यांत तेलाच्या शेगड्या ठेवून रात्रभर पेटवू लागले. पुढे त्याहून चमत्कारिक उपाय आला: गारठ्याच्या रात्री वेलींवर पाण्याचा फवारा सोडायचा. थंडीत पाणी ओतणे हे वेडेपण वाटेल, पण त्यात साधे पदार्थविज्ञान आहे. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. कोंभाभोवती बर्फाचे कवच होते आणि वरून पाणी गोठत राहते तोवर आतला कोंभ शून्याच्या आसपास सुरक्षित राहतो. फवारा मध्येच थांबला तर मात्र खेळ खलास. म्हणून ऊन चढेपर्यंत पंपावर माणूस जागा पाहिजे. एवढे करूनही शत्रू हटलेला नाही. २०१६ साली आणि पुन्हा एप्रिल २०२१ मध्ये शाब्लीने मोठे नुकसान सोसले. हवा तापत चालल्याने डोळे लवकर फुटतात आणि उशिराच्या गारठ्याच्या तावडीत सापडतात.

दुसरी बाजू कायद्याची. फ्रान्समध्ये १९१९ च्या कायद्याने असे ठरले की, गावाच्या नावावर विकल्या जाणाऱ्या मालाची हद्द कोर्टाने आखून द्यावी. १९३५ साली त्यासाठी राष्ट्रीय समिती झाली आणि जानेवारी १९३८ मध्ये शाब्लीचे नाव तिच्या नोंदीत आले. कोणती जमीन, कोणती द्राक्षाची जात, हेक्टरी जास्तीत जास्त उत्पन्न किती, हे सर्व लिहून ठेवले गेले. मुख्य कसोटी ठरली ती स्वल्पविरामांच्या मातीची.

येथून या कथेतील आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग लागतो. गारठ्यावर उपाय सापडला, भाव वाढले, मागणी आली, आणि सगळ्यांना एकाएकी मळे वाढवावेसे वाटू लागले. गावाजवळच्या टेकड्यांच्या माथ्यावर किमरिजियन थरावर बसलेला दुसरा, अधिक कठीण चुनखडीचा थर आहे. त्याला पोर्टलँडियन म्हणतात. हेही नाव इंग्लंडमधलेच! तेव्हा फ्रेंच शेतकऱ्यांचे भांडण दोन इंग्रज ठिकाणांच्या नावांवर जुंपले. विल्यम फेव्र आणि त्यांचा पक्ष म्हणे, शाब्ली म्हणजे किमरिजियन माती. ती सोडली तर नावात राहिले काय? झाँ द्युर्युप आणि त्यांचा पक्ष म्हणे, उतार, ऊन आणि हवा यांनाही तितकेच महत्त्व आहे. दोन मातींच्या मद्यांत एवढा फरक नाही की शेजाऱ्याला वंचित ठेवावे. दोघांनी दोन संघ काढले आणि वर्षानुवर्षे वाद घातला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी संस्थेचा कल विस्ताराकडे झुकला. ज्या मुलखात एकेकाळी ५०० हेक्टर उरले होते तेथे आज साडेपाच हजारांहून अधिक हेक्टर द्राक्षाखाली आहेत.

कोणाचे बरोबर? ज्याचा मळा आधीच उत्तम उतारावर आहे त्याला मातीचे तत्त्वज्ञान स्वस्तात पडते, हे विसरून चालणार नाही. उलट, हद्द मागणीप्रमाणे रबरासारखी ताणली जाऊ लागली की ती हद्द उरत नाही, हेही खरे. आमचा कल थोडासा विस्तारवाद्यांकडे आहे. एकोणिसाव्या शतकात यातील पुष्कळ जमिनीवर मळे होतेच, आणि चार कुटुंबे पोटाला लागल्यावाचून गावाचे नाव जिवंत राहत नाही. परंतु फेव्र यांनी धरलेला आग्रह नसता तर हा विस्तार कोठे थांबला असता, याची शाश्वती आम्ही देऊ शकत नाही.

घरात हे भांडण चालू असता बाहेर नावाची लूट चालूच होती. अमेरिकन कायद्याने ‘शाब्ली’ हे अर्धे सामान्यनाम मानले होते. कॅलिफोर्नियातील मद्यकारखाने कोणतेही पांढरे, बरेचदा गोडसर मद्य या नावाने विकीत. गुलाबी रंगाची शाब्लीसुद्धा बाजारात आली होती! तीत शार्दोनेचा अंश असेलच असे नव्हते. कोलोंबार चाले, इतकेच नव्हे तर थॉम्पसन सीडलेसही चाले. हे नाव ऐकताच येथील बागाईतदार श्रोत्यांचे कान टवकारले असतील. तासगावच्या आणि नाशिकच्या मळ्यांत वाढलेले, सुकवून बेदाणा करावयाचे किंवा ताजे खावयाचे ते हेच द्राक्ष. त्याच्या रसाला शाब्ली म्हणणे म्हणजे खानदेशी केळ्याला रत्नागिरीचा आंबा म्हणण्यासारखे आहे. पण कायद्याला ते मंजूर होते.

जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या करारात भौगोलिक नावांच्या संरक्षणाची कलमे आली. ऑस्ट्रेलियाने १९९४ मध्ये आणि नंतर २०१० मध्ये अमलात आलेल्या कराराने हे नाव सोडले. अमेरिकेने २००६ साली युरोपशी करार करून नव्या लेबलांवर ते घालण्यास बंदी केली, मात्र त्याआधीच्या जुन्या लेबलांना सूट ठेवली. म्हणजे चोरी यापुढे करू नये, पूर्वीची चालू द्यावी, असा तो तह.

त्या १९९५ च्या करारामुळेच आपल्याकडे १९९९ चा भौगोलिक निर्देशनाचा कायदा झाला आणि २००३ पासून तो अमलात आला. कोकणच्या हापूसला त्याखाली २०१८ साली नोंदणी मिळाली. तत्पूर्वी देवगड आणि रत्नागिरी यांनी आपापले नाव वेगळे असावे असा आग्रह धरला होता. शेवटी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळून एकच नाव दिले गेले. फेव्र आणि द्युर्युप यांचा वाद ज्यांनी नीट ऐकला असेल त्यांना यात अनोळखी असे काही वाटणार नाही. शिवाय हापूस हे नाव मुळात कोणत्याच गावाचे नाही, ते गोव्यातील पोर्तुगीजांच्या ‘अफोन्सो’वरून आलेले मानतात, ही आणखी एक गुंतागुंत.

कायद्याच्या दृष्टीने मद्य आणि आंबा यांत एक मोठा फरक मात्र राहिला आहे. करारातील २३ व्या कलमाखाली मद्याला जादा संरक्षण आहे. ‘शाब्लीच्या धर्तीचे, अमुक देशात बनलेले’ असे प्रामाणिकपणे लिहिले तरीही ते नाव वापरण्यास मनाई करता येते. आंबा, तांदूळ, चहा यांना २२ वे कलम लागते. तेथे गिऱ्हाईक प्रत्यक्ष फसले किंवा फसण्याजोगे आहे, हे फिर्यादीला सिद्ध करावे लागते. मद्याला मिळालेले संरक्षण इतर मालालाही मिळावे अशी मागणी भारताने आणि आणखी काही देशांनी संघटनेत लावून धरली. २००१ साली दोहा येथील परिषदेच्या जाहीरनाम्यात तिचा उल्लेखही झाला. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांचा तिला विरोध आहे, आणि तिच्यावर अद्याप एकमत झालेले नाही.